चिंचोक्याचं त्रैराशिक

श्रावणातल्या त्या मंगळवारी सकाळी चिंचोक्यानं भाकरीकडे पाठ फिरवली, आणि मी शांतपणे चष्मा पुसला. उभा जन्म शिक्षकाच्या धंद्यात काढलेला माणूस असल्या गोष्टींनी घाबरत नाही. रुसलेलं पोर आणि रुसलेलं जनावर यांच्याकडे सुरुवातीला लक्ष द्यायचं नसतं, असा माझा सिद्धांत आहे. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग त्याला उचलायला गेलो. त्यानं अशी किंकाळी फोडली, की मी आणि माझा सिद्धांत दोघेही मागे सरकलो.

चिंचोका म्हणजे आमचा गिनीपिग. रंग चिंचोक्यासारखाच तपकिरी आणि तुकतुकीत, अंगलोट दुधीच्या तुकड्याएवढी, आणि शेपूट अजिबात नाही. या शेपटीवरून चिंचवडात बरीच चर्चा झालेली होती. आमचे शेजारी उद्धवराव यांचं ठाम मत होतं, की शेपूट मुळात होतं, पण सरकारनं कापून घेतलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नसे.

तो आला पिंपरीहून. तिथं पेनिसिलिनचा नवा कारखाना सुरू झाला होता, आणि त्याच्या प्रयोगशाळेत यशवंतराव नावाचे अधिकारी होते. माझाच विद्यार्थी, पण आता साहेब झाल्यामुळे नावापुढे राव लावणं भाग होतं. कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांसाठी मी ओसरीवर रोज सकाळी फुकट वर्ग घेतो, हे कळल्यावर त्यानं हा एक जास्तीचा प्राणी मुलांना पाहायला म्हणून दिला. देताना म्हणाला, "गुरुजी, जपाल ना?" मी नुसता हसलो. कारण हाच यशवंत मराठी तिसरीत असताना वर्गाच्या बरणीतलं बेडकाचं पिल्लू त्याच्या हलगर्जीपणानं दगावलं होतं, आणि प्राणिमात्रांच्या संगोपनावर मी त्याला अख्खा तास उभं करून सुनावलं होतं.

तेव्हा आता यशवंतरावाकडे जाऊन "चिंचोका आजारी आहे" असं सांगणं मला शक्य होतं का? वाचकांनीच आपल्या मनाला विचारावं.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र हे पटत नव्हतं. "अहो, ज्यानं दिला त्यालाच विचारा ना. पिंपरी काही विलायतेत नाही," सावित्रीबाई म्हणाल्या.

"त्याला कारखान्यात पुष्कळ कामं असतात."

"आणि तुम्हाला पुष्कळ मान."

चिंचोका कोपऱ्यात बसला होता. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, मागचे पाय ओढल्यासारखे. एरवी माझ्या चपलांचा आवाज ऐकला तरी शीळ घालणारा हा प्राणी गप्प होता. आणि थोड्याच वेळात मुलं येणार होती. आज पाळी मंजीची. मुलांनी त्याच्या देखभालीच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि मंजी आपल्या पाळीच्या दिवशी घासूनपुसून लख्ख केलेली वाटी घेऊन येत असे. ती साताऱ्याकडच्या एका फिटरची मुलगी. पहिले दोन महिने वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. बोलली ती पहिल्यांदा चिंचोक्याशी, आणि मग हळूहळू आमच्याशी. तिला आज काय सांगायचं?

बातमीला पाय फुटतात म्हणतात. चिंचवडात तिला चाकं असावीत. मुलांच्या आधी शेजारीच हजर झाले. पलीकडच्या दुर्गाबाईंनी दारातूनच निकाल दिला, "दृष्ट लागली. इतकं गुटगुटीत जनावर ओसरीवर ठेवायचं का कुणी!" माझा दृष्टीवर विश्वास नाही. पण प्रश्न चिंचोक्याच्या जिवाचा होता, माझ्या मतांचा नव्हता. मी टोपली हातात धरून ताठ उभा राहिलो आणि दुर्गाबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. उतरवताना त्यांचा हात चिंचोक्यावरून कमी आणि माझ्या डोक्यावरून जास्त फिरत होता, याचा अर्थ मी काढला नाही.

उद्धवराव हे जनावरांचे जाणकार. त्यांनी पूर्वी लष्कराच्या डेअरीत नोकरी केली होती. हिशेबनिसाची; पण म्हशींचा हिशेब ठेवणाऱ्याला म्हशी कळतात असं ते समजत. पाऊस सुरू झाला तेव्हा "ओलं गवत एकदम बंद, पोट फुगतं" हा हुकूम त्यांचाच. तेव्हापासून चिंचोका वाळलं गवत, कोंडा आणि भाकरीवर होता. आता त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "मास्तर, हे काम सरकारी. गुरांच्या दवाखान्यात न्यायला हवं. चला, मी येतो. तिथं माझी ओळख आहे."

उद्धवराव ज्याला ओळख म्हणत ती कशी असते, ते मला दवाखान्यात कळलं.

सावळाराम टांगेवाल्यानं आम्हाला तिथवर सोडलं. हा निघोज्याचा गडी. बोलायला भारी गोड. टोपलीकडे बघून म्हणाला, "मास्तर, माज्या घोड्याला आसं झालं ना, तर मी त्याच्या कानात त्याच्या आईचं नाव घेतो. उठून बसतंय."

"याच्या आईचं नाव मला माहीत नाही, सावळाराम."

"मग आवघड हाय," तो गंभीरपणे म्हणाला आणि घोड्याला चुचकारलं.

दवाखान्यातले डॉक्टर बैलांना टोचायला चाकणच्या बाजूला गेलेले. कारकून होता. त्यानं उद्धवरावांना ओळखलं नाही. त्यांनी स्वतःची तीन वेगवेगळ्या प्रकारे ओळख करून दिली, तरी ओळखलं नाही.

"जनावर कोणतं?" त्यानं टाक उचलून विचारलं.

"गिनीपिग."

"रकाना नाही." टाक खाली. "गाय, बैल, म्हैस, घोडा, शेळी-मेंढी, कोंबडी. यातलं काय?"

मी त्याला समजावू लागलो. पृथ्वीवरील प्राण्यांचे वर्ग, त्यांतले सस्तन, त्यांतले कुरतडणारे. समजावणं हा माझा धर्म आहे, आणि समोरचा माणूस जांभया देतो एवढ्यावरून मी तो सोडत नाही. शेवटी उद्धवराव मध्ये पडले. "अहो रावसाहेब, चार पाय आहेत, शेपूट नसल्यासारखं आहे, कोंडा खातो. शेळी लिहा की लहानशी."

कारकुनानं 'शेळी' लिहिलं. लिहिलं आणि दचकला. "कुठली शेळी? चिंचवडची? चिंचवडला शेळ्यांची साथ आहे. शेळी आजारी असेल तर ती वेगळी ठेवावी लागते. शिपाई! ही टोपली मागच्या गोठ्यात ने!"

"अहो, ती शेळी नाही!" मी ओरडलो.

"आता आहे," कारकून म्हणाला. "शाईनं लिहिली."

मी टोपली छातीशी धरली. शिपाई टोपली ओढू लागला. आयुष्यात मी कधी कुणाशी झटापट केली नव्हती. त्या दिवशी केली, आणि सांगायला हरकत नाही, बरी केली. माझी टोपी शिपायाच्या हातात राहिली, टोपली माझ्या हातात राहिली, आणि आम्ही टांग्यात उडी घेतली. सावळारामनं न सांगता घोडा पळवला. मागून कारकुनाचा आवाज येत होता, "शेळी पळवली! शेळी पळवली!" रस्त्यावरची माणसं थांबून आमच्याकडे पाहत होती. त्यांत माझे दोन माजी विद्यार्थी होते. दोघांनी हात जोडून नमस्कार केला. बोडक्या डोक्यानं मी तो स्वीकारला.

घरी आलो तो ओसरी मुलांनी भरलेली. मंजी लख्ख वाटी घेऊन पायरीवर बसली होती. तिनं टोपलीत पाहिलं. तिनं वाटी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यासारखी गप्प झाली. ते मला शेळीच्या आरोळ्यांपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात ज्योतीराम कंपाउंडर आला. गावातल्या डॉक्टरांकडे काम करणारा हा उत्साही तरुण. डॉक्टर पुण्याला गेले की दवाखान्यापेक्षा गावात जास्त दिसायचा. त्यानं परिस्थिती एका नजरेत ओळखली.

"गुरुजी, कमाल केली तुम्ही! दाराशी गंगा वाहतेय आणि तुम्ही विहीर शोधत फिरताय? पेनिसिलिन! अख्खा देश मागतोय ते. आपल्या पिंपरीत बनतंय. एक सुई, आणि संध्याकाळी हा नाचेल."

ओसरीवर वीज चमकल्यासारखं झालं. खरंच की! त्या दिवसांत आमच्याकडे पेनिसिलिनविषयी काय भावना होती, ते आज सांगून समजणार नाही. खोकल्याला पेनिसिलिन, गळवाला पेनिसिलिन. एका गृहस्थांनी तर मुलगा परीक्षेत नापास झाला तेव्हा डॉक्टरांकडे पेनिसिलिनची चौकशी केली होती. कारखाना आमच्या शेजारी, म्हणून औषधही आमच्या घरचंच, असं सगळ्यांना वाटे. उद्धवराव तर "आपलं पेनिसिलिन" असंच म्हणत.

"पण डॉक्टर नाहीत ना," मी म्हटलं.

"डॉक्टर नसताना माणसाला मी देणारच नाही, गुरुजी. पण बिनशेपटीच्या उंदराला सुई टोचू नये, असा कायदा मला अजून कुणी दाखवलेला नाही." असं म्हणून तो धावत जाऊन पिचकारी, सुई आणि बाटली घेऊन आलासुद्धा. स्टोव्हवर सुई उकळत ठेवली. "फक्त किती द्यायचं ते सांगा. पूर्ण वाढीच्या माणसाला चार लाख युनिट देतो मी."

हा प्रश्न माझ्या प्रांतातला होता. दिवसभरात प्रथमच माझ्या पायाखाली ओळखीची जमीन आली. मी ताठ झालो आणि म्हणालो, "मुलांनो, पाट्या काढा."

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत चिंचोक्याचं वजन झालं. एका पारड्यात तो, दुसऱ्यात वजनं, आणि भोवती निम्मं चिंचवड. भरला तीन पावशेर. मी फळ्यावर लिहिलं: दीड मणाच्या माणसाला चार लाख युनिट, तर तीन पावशेराच्या गिनीपिगला किती? चाळीस शेरांचा मण. त्रैराशिक मांडा.

पाट्यांवर लेखण्या करकरू लागल्या. स्टोव्हचा भर्र आवाज चालू होता. मोठी माणसंसुद्धा बोटं मोजत होती. इकडे सावित्रीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, पायरीवर गप्प बसलेल्या मंजीकडे पाहिलं, आणि मागच्या दारानं कुठंतरी निघून गेल्या. माझं लक्ष उत्तरांकडे होतं.

मंजीचं उत्तर आलं पाच हजार. बरोबर. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांचं पन्नास हजार, शून्य वाढलेलं. आणि दादूचं उत्तर आलं तीन कोटी वीस लाख.

"भरू का पाच हजार?" ज्योतीरामनं पिचकारी उचलली. "सुई तयार आहे."

"थांब," मी म्हटलं. "दादूचं का चुकलं ते त्याला कळू दे."

"गुरुजी, ते उद्या—"

"चूक ताजी असतानाच काढायची असते. दादू, तू भागायच्या जागी गुणलंस. का?"

दादू हा गावातल्याच शेतकऱ्याचा मुलगा. डोकं चांगलं, पण वाकायला तयार नसे. "व्यस्त हाय, गुरुजी," तो म्हणाला.

"व्यस्त कसं?"

"तुमीच सांगितलं, माणसं वाढली की दिवस कमी व्हत्यात, ते व्यस्त. मंग जनावर ल्हान आन् दुखणं मोठं. ल्हान जनावराला मोठं दुखणं पेलत न्हाई, म्हून त्येला औषध जास्त. व्यस्तच की!"

ज्योतीराम कपाळाला हात लावून खाली बसला. उद्धवराव म्हणाले, "मास्तर, पोरगं चुकलंय असं वाटत नाही मला." दुर्गाबाईंनाही दादूचं पटलं. हां हां म्हणता ओसरीवर दोन पक्ष पडले. तीन कोटी वीस लाख म्हणजे कारखान्याचं किती दिवसांचं काम, यावर बाहेर वाद सुरू झाला. मी मात्र शांत होतो. असा मुलगा शिक्षकाला नशिबानं भेटतो. मी त्याला जवळ बसवलं, अंगणातला एक लोटा आणि एक घागर आणवली, आणि सम कशाला म्हणतात, व्यस्त कशाला म्हणतात, ते पाण्यानं भरून दाखवायला लागलो. एकदा समजलं नाही. दुसऱ्यांदा निम्मं समजलं. ज्योतीरामची सुई दोनदा निवली आणि दोनदा पुन्हा उकळली.

"आलं ध्यानात!" दादू शेवटी ओरडला. "घागर मोठी तर पानी जास्त, लोटा ल्हान तर पानी कमी. दुखण्याचा संबंधच न्हाई!"

"शाब्बास," मी म्हटलं. "ज्योतीराम, आता भर पाच हजार."

त्यानं भरलं. मंजीनं चिंचोक्याला मांडीवर धरलं, डोळे घट्ट मिटले. सुई त्याच्या मांडीपाशी आली, आणि रस्त्यावरून आरोळी आली, "थांबा! दिलं का? देऊ नका!"

सावळारामचा टांगा पुरता थांबायच्या आत त्यातून यशवंतराव उडी मारून धावत येत होता. अंगात पांढरा कोट, एका पायात चप्पल. मागून सावित्रीबाई पदर सावरत उतरत होत्या. मागच्या दारानं त्या गेल्या होत्या त्या पिंपरीला!

"दिलं का?" यशवंतरावानं ज्योतीरामच्या हातातून पिचकारी काढून घेतली. ती भरलेली पाहून तो मटकन पायरीवर बसला. "गुरुजी, माणसाला जे अमृत ते याला विष आहे. गिनीपिगला पेनिसिलिन चालत नाही. पाच हजार काय, त्याहून कमीसुद्धा पुरे होतं. हा वाचला नसता."

'आपलं पेनिसिलिन' म्हणणारे उद्धवराव खांबाकडे तोंड करून उभे राहिले. दादूनं हळूच विचारलं, "मंजी, तीन कोटी दिलं असतं तर?" आणि मंजीनं त्याला कोपरानं ढोसलं.

यशवंतरावानं चिंचोक्याला हळुवार हातात घेतलं. पायांचे सांधे चाचपले. चिंचोका चीं करून ओरडला. हिरड्या पाहिल्या, त्या सुजून लालभडक झालेल्या. "खायला काय देता?"

"वाळलं गवत, कोंडा, भाकरी," मी सांगितलं.

"हिरवं?"

"ओलं गवत पावसाळ्यात..." मी उद्धवरावांकडे पाहिलं. त्यांना खांबात काहीतरी सापडलं होतं.

"मग भाजीचा पाला? देठ? कोथिंबीर?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू सावित्रीबाईंकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला. "श्रावण आहे ना," त्या म्हणाल्या. "माझं शाकव्रत. पालेभाजी महिनाभर घरातच येत नाही. आणि फळभाज्यांची सालं दुर्गाबाईंच्या शेळीला..."

"म्हणजे यालाही शाकव्रत घडलं," यशवंतराव म्हणाला. "बहुतेक जनावरं 'क' जीवनसत्त्व आपल्या अंगात तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि यालाही जमत नाही. हिरवं मिळालं नाही तर खलाशांना व्हायचं तेच दुखणं याला होतं."

"खलाशी आणि लिंबू," मंजी एकदम बोलली. "गुरुजी, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं! जहाजावरच्यांच्या हिरड्या सुजायच्या तो धडा!"

शिकवला होता. फळ्यावर जहाज काढून शिकवला होता. मी यशवंतरावाकडे पाहिलं. आता बेडकाचं पिल्लू निघणार, अशी माझी खात्री होती. पण तो काही बोलला नाही. मला वाटतं, तो माझ्यापेक्षा चांगला शिक्षक झाला असता.

"वाचेल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. उशीर झालाय. आज खाल्लं तर आशा आहे."

सावित्रीबाई उठल्या. अंगणातल्या शेवग्याखाली गेल्या. मी म्हटलं, "अगं, राहू दे, मी तोडतो. तुझं व्रत—"

"संकल्पाचं पाणी मी सोडलंय, त्यानं नाही," त्या म्हणाल्या, आणि ओंजळभर कोवळा पाला तोडून आणला.

चिंचोक्यानं पाला हुंगला आणि मान वळवली. चघळायची ताकदच नव्हती. तेव्हा यशवंतरावानं पिचकारी रिकामी करून, सुई काढून, पुन्हा नीट उकळवली. लिंबाचा रस साखरपाण्यात कालवून तिच्यात भरला, आणि ती ज्योतीरामच्या हाती दिली. ज्योतीरामनं थेंबथेंब रस त्याच्या ओठांच्या कडेला सोडला. एवढा हलका हात मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या की चौथ्या थेंबाला जीभ हलली. मंजीनं माझा हात धरला, इतका घट्ट की तिची नखं रुतली.

दुसऱ्या दिवशी मुलं आली ती पाला घेऊनच. तांदुळजा, माठ, चाकवत, कुणी कोथिंबीर, कुणी पेरूच्या फोडी. दादूनं शेतातून घोळीचा भारा डोक्यावर आणला. नको म्हणायची सोय नव्हती. ज्या घरात श्रावणात पालेभाजीचं देठ येत नव्हतं, तिथं मंडईचा ढीग लागला. चिंचोका रस पीत होता, पण स्वतःहून काही खात नव्हता. तोंडातून आवाज नव्हता. मुलं आळीपाळीनं पिचकारी धरत. त्या दिवसांत गणित फारसं झालं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

शुक्रवारी जिवतीची पूजा. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, आणि दाराशीच थबकल्या. जिवतीच्या चित्राखाली टेबल, टेबलाखाली चिंचोक्याची टोपली आणि टोपलीभोवती श्रावणात कुणाच्या घरी नसेल एवढा हिरवागार पाला.

"अगबाई, सावित्रीबाई!" दुर्गाबाई म्हणाल्या. खरं तर त्यांना सगळं माहीत होतं. पण चारचौघींत विचारण्याची मजा वेगळी असते. "व्रत मोडलंत की काय?"

"माझं चालू आहे," सावित्रीबाई म्हणाल्या. "पण बाळ, म्हातारं आणि आजारी यांना उपास नसतो. कहाणीत सांगितलंय."

"कुठल्या कहाणीत?"

"मी सांगते त्या."

बायका हसल्या. आणि त्या हसण्याच्या मधोमध टेबलाखालून एक बारीक, तुटक, पण अगदी नक्की अशी शीळ आली. हसणं थांबलं. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. चिंचोक्यानं घोळीचं एक पान ओढून घेतलं होतं, आणि तो ते खात होता. हळूहळू, कडेनं, एखाद्या सावध विद्यार्थ्यासारखा. दाराबाहेर कान लावून बसलेल्या मुलांनी असा गिल्ला केला, की जिवतीचा दिवा विझतो की काय असं वाटलं. मंजी आत धावत आली आणि काहीतरी बोलत सुटली. पुष्कळ बोलली. काय बोलली ते एकालाही कळलं नाही, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

मग सावित्रीबाईंनी अक्षता घेतल्या. जिवतीला लेकरांवर अक्षता टाकायच्या असतात, आणि आमची लेकरं लांब. मुलगा नागपूरला, मुलगी धारवाडला. दर वर्षी त्या मला विचारतात, आणि मी नकाशा आठवून बोट दाखवतो: हे पूर्वेकडे, हे दक्षिणेकडे. त्या दिवशीही विचारलं. मी दाखवलं. त्यांनी दोन्हीकडे अक्षता टाकल्या, हात जोडले.

नंतर उरलेली चिमूट मुठीत घेऊन त्या वाकल्या आणि टेबलाखाली टाकली. त्याची दिशा त्यांनी मला विचारली नाही.